आमच्या गावात पोट पूर्ण चिरत नाहीत

२ सप्टेंबर

डॉक्टरांनी आज माझ्या पोटाविषयी दोन बातम्या दिल्या. एक, जठरात कॅन्सर आहे. दोन, जठराभोवती फार चरबी आहे. मित्सुए म्हणाली, दुसरी बातमी तिला लग्नाच्या पहिल्या वर्षापासून ठाऊक आहे.

डॉक्टर मिनागावा नावाच्या बाई आहेत, माझ्या मुलीच्या वयाच्या. मी त्यांना वाकून नमस्कार केला तेव्हा पोट टेबलाला लागलं आणि त्यांचं पेन खाली पडलं. ते त्यांनी स्वतःच उचललं. मला वाकून पेन उचलता येणार नाही हे त्यांच्या लगेच लक्षात आलं असावं.

"मास्तर, तुम्ही बर्फाच्या प्रदेशातले," त्या म्हणाल्या. "बर्फ पडल्यावर पायवाट असते, पण दिसत नाही, बरोबर? तुमच्या पोटात तसं आहे. रक्तवाहिन्यांना चिकटून बारीक गाठी असतात. कॅन्सर हलला तर आधी त्यांत जाऊन बसतो, म्हणून त्या मला वेचून काढायच्या आहेत. सडपातळ माणसात त्या दिसतात. तुमच्यात सगळं चरबीखाली गेलंय. वेळ जास्त लागेल, रक्त जास्त जाईल. आणि खालीच स्वादुपिंड आहे. त्याला धक्का लागला तर त्याचा रस पोटात गळतो आणि जिथे जाईल तिथे भाजत सुटतो."

दुर्बिणीतून, लहान छिद्रांतून ऑपरेशन करायचा त्यांचा विचार आहे. दिसलं नाही तर पोट उघडावं लागेल, आणि माझ्यासारख्या पोटाची मोठी जखम नीट भरत नाही, चिघळते.

मित्सुए म्हणाली, "आमच्या मुराकामीत साल्मन माशाचंसुद्धा पोट पूर्ण चिरत नाहीत." डॉक्टर शहरातल्या, त्यांना हे ठाऊक नव्हतं. मग मित्सुएने सांगितलं, की गाव जुन्या सामुराई घराण्यांचं, उभं पोट फाडणं म्हणजे हाराकिरीची आठवण, इथे ते अशुभ, म्हणून मासा खारवताना मध्ये चार बोटं कातडी जोडलेली ठेवतात.

"मग गावाची रीत पाळू या," डॉक्टर म्हणाल्या. "पण मला आत जागा करून द्या. तुमचा नंबर सहा आठवड्यांनी आहे. उपाशी राहायचं नाही, पण पोट उतरवायचं."

बसमध्ये मी खिडकीबाहेर भातशेतं पाहत होतो. पिवळी झाली आहेत. नवा तांदूळ यायच्या तोंडावर डॉक्टरांना हे सुचावं, याला काय म्हणावं.

५ सप्टेंबर

स्वयंपाकघरात मित्सुएचं राज्य आधीही होतं, आता लष्करी राजवट आली आहे. टोफू, उकडलेला मासा, पालेभाजी, आणि भात नातवाच्या वाटीत. वाटीच्या तळाशी सशाचं चित्र आहे. दोन घासांत ससा दिसतो.

"अगं, ससासुद्धा उपाशी दिसतोय."

"तो तुमच्याकडे बघून हसतोय. जेवा."

श्वासाच्या व्यायामासाठी दवाखान्यातून प्लास्टिकचं खेळणं दिलंय. नळीतून श्वास ओढला की तीन चेंडू वर जायला हवेत. माझा एक जातो, दुसरा विचार करतो. मित्सुएने सहज ओढून पाहिलं तर तिन्ही वरच्या टोकाला लागले. इतक्या वर्षांच्या टोमण्यांची तालीम आहे ती.

तिचं एक नवीनच सुरू झालंय. ती चहामळेवाल्याची मुलगी. आमच्या टेकडीवरचा चहा म्हणजे तिचं माहेर. पण कालपासून माझ्या पेल्यात चहा ओतते आणि स्वतः गरम पाणी घेऊन बसते. विचारलं तर म्हणाली, "झोप लागत नाही चहाने." ही उशीला डोकं टेकताच घोरणारी बाई. शिवाय रोज पहाटे टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या चढून येते, गुडघ्याला व्यायाम म्हणून. म्हातारपणी आवडीनिवडी बदलतात हेच खरं. यावर एक बरी कविता होईल.

१३ सप्टेंबर

कॅन्सरचं कुणालाही सांगायचं नाही असं आम्ही ठरवलंय. इथे आजार कळला की शेजारी फळांच्या टोपल्या घेऊन येतात, आवाज खाली आणतात, आणि बरा होऊन आल्यावर त्या प्रत्येक टोपलीची परतभेट द्यावी लागते. मित्सुए म्हणाली, तुम्ही बरे झालात तरी त्या धावपळीने मी जाईन.

म्हणून रेडिओवरच्या सकाळच्या कवायतीला देवळाच्या पटांगणात जातो आणि विचारणाऱ्याला सांगतो, तब्येतीसाठी जरा बारीक होतोय. ओदागिरी माझ्या शेजारी उभा असतो. आम्ही प्राथमिक शाळेत एका बाकावर होतो, नंतर तो पोस्टमास्तर झाला आणि मी शाळेत कवितांचा मास्तर.

"शिनपेई, वाकलास की वाकायचा विचार चाललाय?"

"तुझ्या टपालापेक्षा लवकर पोचेन."

हातांची उघडझाप करताना मला आमची चौथीतली कवायत आठवली. थंडीत अनवाणी उभं करायचे, आणि कवायत झाल्यावर बाई पानगळीची कविता म्हणून घ्यायच्या. पाय गार आणि कवितेत जळणाऱ्या पानांची ऊब. कविता कशासाठी असते हे मला त्या दिवशी कळलं, आणि पुढे अडतीस वर्षं मुलांना सांगूनही त्यांना कळलं नाही.

२४ सप्टेंबर

पाप घडलं. लिहून ठेवतो.

ओदागिरीच्या घरी नवा तांदूळ आला. मी फक्त भेटायला गेलो होतो. झाकण उघडलं, वाफ आली, दाणा न् दाणा उभा आणि चकचकीत. वर त्याने खारवलेली साल्मनची अंडी घातली. "एक घास," तो म्हणाला. मी तीन वाट्या खाल्ल्या. तिसऱ्या वाटीला मी काही बोललो नाही आणि त्यानेही नाही.

घरी आल्यावर मित्सुएने माझ्या कॉलरवरून भाताचं एक शीत उचललं. मी टोमण्याची वाट पाहत उभा राहिलो. ती आत गेली आणि नळ सोडला. बराच वेळ पाणी वाहत होतं. भांडी तर सकाळीच घासून झाली होती.

नंतर बाहेर येऊन म्हणाली, "उद्यापासून तुमच्याबरोबर नदीपर्यंत चालायला येईन." डोळे लाल होते. कांदा चिरला असावा. जेवणात कांदा नव्हता.

मला वाटतं तिचा राग गेला. पण त्या नळाच्या आवाजाने मला काहीतरी झालं आहे. आता कुणाच्याही घरी जेवायच्या वेळेला जाणार नाही.

२ ऑक्टोबर

पँट सरकते. मित्सुएने पट्ट्याला खिळ्याने नवीन भोक पाडलं. मिओमोते नदीच्या काठाने चालताना आता धाप लागत नाही, दोन चेंडू वर जातात. गेल्या पंचवीस वर्षांत पहिल्यांदा उभ्याने स्वतःची पायाची बोटं पाहिली. म्हातारी झाली आहेत.

गावातली माणसं हल्ली फार प्रेमाने वागतात. मासळीवाल्याने दोनदा जास्तीचा तुकडा घातला. न्हाव्याने केस कापून झाल्यावर माझा हात हातात घेतला. बारीक माणसाला समाजात एवढा मान असतो हे आधी कुणी सांगितलं असतं तर मी केव्हाच बारीक झालो असतो.

६ ऑक्टोबर

आज शरदातला पूर्ण चंद्र. आमच्या हायकू मंडळाची बैठक हात्सुकोबाईंच्या ओसरीवर झाली. मिठाईवाल्याच्या या विधवा बाई दर वर्षी तांदळाचे पांढरे लाडू चंद्रापुढे रचतात. यंदा सगळे नऊच्या नऊ सभासद हजर, एरवी चारच्या वर संख्या जात नाही. मला मधली गादी दिली.

पण कविता अगदी निराशाजनक. ओदागिरीने वाचलं:

हंस निघाला
मागे वळून नको
पाहूस मित्रा

मी म्हटलं, "अरे, रानहंस शरद ऋतूत आपल्याकडे येतात. जातात वसंतात. जन्मभर पोस्टात काढलास आणि येणं-जाणं कळत नाही?" तो मान खाली घालून म्हणाला, "चुकलं, मास्तर." आयुष्यात पहिल्यांदा वाद घातला नाही.

हात्सुकोबाईंचं:

दिवा विझला
वर्ग रिकामा तरी
खडूचा वास

चांगलं आहे, पण यात चंद्र कुठे? चंद्रदर्शनाच्या बैठकीत चंद्र हवा. बाकीच्यांचंही तेच. कुणाची होडी सुटते, कुणाचं पान गळतं, एकाची तर आगगाडीच गेली. मी सगळ्यांना समजावलं, की एकाच कल्पनेत नऊ जणांनी घुसू नये, जरा विविधता पाहिजे. सगळे निमूट ऐकत होते. विद्यार्थी असे असते तर.

मग मी माझं वाचलं. लाडवांच्या ताटाकडे बघून सुचलं होतं:

चंद्र एवढा
आणि मला मिळाली
वाटी रिकामी

मला वाटलं हसतील. कुणी हसलं नाही. हात्सुकोबाईंनी किमोनोची बाही डोळ्यांना लावली. माझ्या कवितेने आजवर कुणी रडलं नव्हतं. थोडा संकोचलो, पण खोटं कशाला बोलू, छान वाटलं.

निघताना ओदागिरीने नवीन कॅमेरा काढला. "कुंपणापाशी उभा राहा. कोट नीट कर. हसू नकोस फार, पण हस." पाच फोटो काढले. एकट्याचेच.

७ ऑक्टोबर

सकाळी हे सगळं मित्सुएला सांगितलं. ती चिमट्यात धरलेला मुळ्याचा तुकडा तसाच धरून राहिली.

"अहो," ती म्हणाली, "ते तुमचा निरोप घेत होते."

मी म्हटलं, कसला निरोप.

"भरलेला माणूस महिन्याभरात असा ओसरला तर लोक काय समजतील? त्यांना वाटलं तुमचं शेवटचं चाललंय. विचारायचं कसं, म्हणून चंद्र बघायला बोलावलं."

"आणि फोटो?"

"फोटो कुठे लावतात ते तुम्हाला ठाऊक आहे."

मी आठवून पाहिलं. मासळीवाला, न्हावी, मधली गादी. मग हसू आलं ते आवरेना. निरोपाच्या भरात माणूस ऋतू विसरला, आणि मी त्याचे गुण कापत बसलो.

सरळ ओदागिरीकडे गेलो, जेवायची वेळ टाळून. सांगितलं, की कॅन्सर आहे हे खरं, पण बारीक मी स्वतः झालोय, डॉक्टरांना आत दिसावं म्हणून.

तो पायरीवर बसला. "म्हणजे ही तुझी मेहनत?"

"हो."

"लेका, मी दोन रात्री रडलो. तुझ्या नावाने देवाला साकेची बाटली वाहिली, चांगल्यातली." मग एकदम आठवून, "आणि त्या दिवशी तीन वाट्या भात खाताना तोंड शिवलं होतं काय? मी वाढला नसता."

"म्हणून तर बोललो नाही."

तो हंस आता ठेवावा की फाडावा, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, ऑपरेशन होईपर्यंत ठेव. ते विनोदाने म्हटलं होतं. त्याने तसं घेतलं नाही.

१३ ऑक्टोबर, दवाखाना

उद्या सकाळी. साडेसात किलो उतरले. डॉक्टरांनी नवीन फोटोत आत पाहिलं आणि म्हणाल्या, "वाट थोडी उघडी झालीय, मास्तर. सगळी नाही. बर्फ अजून आहे." त्या खोटं बोलत नाहीत, हे बरं आहे आणि वाईटही.

दुपारभर मित्सुए बसली होती. चेंडूंचं खेळणं पुढे केलं. तिन्ही वर गेले. ती म्हणाली, "इतकी हवा माझ्यासाठी कधी खर्च केली नाहीत." मग ती शेवटच्या बसने गेली.

भीती वाटते आहे. शाळेत पाठ केलेल्या कविता मनात म्हणून पाहिल्या. सगळ्या आठवतात. एकीचाही उपयोग होत नाही.

२५ ऑक्टोबर

आज पेन धरता येतंय.

ऑपरेशन छिद्रांतूनच झालं. पोट पूर्ण चिरावं लागलं नाही. पण ठरल्यापेक्षा फार वेळ लागला, रक्तही द्यावं लागलं, आणि तिसऱ्या दिवशी ताप चढला. स्वादुपिंडातून रस गळत होता. माझ्या कुशीतून एक नळी बाहेर येते, तिच्यातलं पाणी शिळ्या सोया सॉससारखं दिसायचं. मधले काही दिवस मला आठवत नाहीत. एवढंच आठवतं, की मी डोळे उघडले की कोपऱ्यात मित्सुएची छत्री दिसायची. ती म्हणते, रोज घरी जाऊन छान झोपायचे. छत्री मात्र हललेली दिसली नाही. विसरून जात असेल.

डॉक्टर आज खुर्ची ओढून बसल्या. "पहिल्या दिवशीचं पोट मला उघडावंच लागलं असतं, आणि हा ताप त्या जखमेसकट आला असता तर मी आज एवढी निवांत बसले नसते. तुम्ही उतरवलेल्या चरबीने मला जागा दिली. उरलेल्या चरबीने हा त्रास दिला."

"म्हणजे त्या तीन वाट्या," मी म्हटलं.

"कसल्या वाट्या?"

मित्सुए म्हणाली, "त्यांच्याकडे लक्ष देऊ नका, कवी आहेत."

१ नोव्हेंबर

नळीतलं पाणी आज स्वच्छ आलं, फिकट चहासारखं. मित्सुए बराच वेळ ती पिशवी उजेडाकडे धरून बघत होती. एवढं निरखून तिने माझी एकही कविता वाचली नाही.

९ नोव्हेंबर

घरी. येताना तिने टॅक्सी देवळाच्या टेकडीखाली थांबवली, "दोन मिनिटं" म्हणून गेली आणि मी टॅक्सीवाल्याशी मुळ्याच्या भावावर बोलत बसलो. दोनाची वीस मिनिटं झाली.

घरात शिरताच, कोट न काढता, तिने चहा ठेवला. दोन पेले. पहिल्या घोटाला तिचे डोळे भरून वाहिले. दोन महिने गरम पाण्याची सवय, एकदम कडक लागला असणार. तरी तीन पेले प्यायली. मी म्हटलं, आता झोप येणार नाही तुला. ती म्हणाली, "नाही आली तरी चालेल."

सहाला झोपली, ती सकाळीच उठली. या बाईचं गणित मला कधी जमणार नाही.

१९ नोव्हेंबर

काढलेल्या गाठींचा निकाल. तीन गाठींत कॅन्सर जाऊन बसलेला होता. तिन्ही निघाल्या, पण खबरदारी म्हणून वर्षभर गोळ्या घ्यायच्या. गोळ्या जड असतात. डॉक्टरांनी मला वजनकाट्यावर उभं केलं आणि कपाळाला आठी घातली.

"आता एक ग्रॅम कमी व्हायला नको."

मित्सुएने विचारलं, "म्हणजे?"

"ऑपरेशनच्या टेबलावर ती चरबी माझी वैरीण होती. आता पुढच्या वाटेवर तीच शिदोरी. अंगावर थोडं असलेली माणसं पुष्कळदा या वर्षातून जास्त चांगली निभावतात. असं का, यावर आमच्यातच वाद आहेत. पण खंगलेल्या माणसाच्या गोळ्या मला अर्ध्यात थांबवाव्या लागतात, हे मी डोळ्यांनी पाहिलंय. दिवसातून सहा वेळा, थोडं थोडं खायचं."

"विणलेला स्वेटर मी दीड महिना उसवत बसले," मित्सुए म्हणाली, "आणि आता तुम्ही म्हणता परत विणा."

"हो. पण लहान मापाचा."

२९ नोव्हेंबर

खाता येत नाही. येत नाही म्हणजे, गिळता येतं, पण खावंसं वाटत नाही. जठराचा मोठा भाग गेला तशी भूकही त्याच्याबरोबर गेली असावी. भराभर खाल्लं की घाम फुटतो, छाती धडधडते, आडवं व्हावं लागतं. नव्या तांदळाचा भात समोर असतो आणि मी शेजारच्याच्या कुत्र्याकडे बघावं तसा त्याच्याकडे बघतो. ओळख आहे, नातं नाही.

आज वाटी सरकवली. नेहमीचा टोमणा येईल वाटलं. मित्सुएने चॉपस्टिक खाली ठेवल्या.

"लग्नाच्या दिवशी माझ्या ताटातला मासा तुम्ही खाल्लात, सगळ्यांसमोर. माझी आई म्हणाली होती, या माणसाच्या घरी तुला एकटीला कधी जेवायला लागणार नाही."

मी वाटीच्या काठावरून बोट फिरवलं.

"तेवढंच बघा," ती म्हणाली.

मी वाटी जवळ ओढली. सशापर्यंत पोचलो. तो खरंच हसतोय.

८ डिसेंबर

वजन आणखी थोडं उतरलं. गोळ्यांनी तोंड कडू होतं. डॉक्टर फोनवर म्हणाल्या, महिनाअखेर हेच राहिलं तर गोळ्या थांबवाव्या लागतील. मित्सुए ऐकत नाहीसं दाखवून ऐकत होती. मी मोजून सहा वेळा खातो, गृहपाठ करावा तसं. गृहपाठाने कुणाचं अंग भरलेलं मी पाहिलं नाही.

ओदागिरी येतो, साल्मन ओसरीला टांगल्याच्या गप्पा मारतो आणि मी किती खातो ते चोरून बघतो. पूर्वी हाच माझ्यापासून डबा लपवायचा.

१७ डिसेंबर

सकाळपासून बर्फ. दुपारी मंडळाच्या कविता तपासत बसलो होतो. अचानक बरगड्यांच्या खाली काहीतरी झालं. दुखणं नव्हे. पोकळ, आत ओढल्यासारखं, येतंय आणि जातंय. मी पेन ठेवलं. ताप नाही. कुशीत हात लावून पाहिलं, जुन्या नळीची जागा कोरडी. पुन्हा आलं, जरा जोरात. मला वाटलं, पुन्हा गळायला लागलं. यातून एकदा वाचलो, दुसऱ्यांदा वाचेन असं नाही.

मित्सुएला हाक मारली. ती ओल्या हातांनीच धावत आली, फोन उचलून उभी राहिली, दवाखान्याचा नंबर तिला पाठ आहे.

"कुठे होतंय?"

"इथे. मधोमध."

"दुखतंय?"

"नाही गं. रिकामं रिकामं वाटतंय. आणि कसलातरी वास डोक्यात घोळतोय."

"कसला वास?"

मी विचार केला. शेजारच्यांकडे कुणीतरी मासा भाजत होतं, बर्फातून धूर इकडे आला होता. सांगितलं. हेही सांगितलं, की हात जरा थरथरतायत आणि उगाच राग येतोय, विशेषतः ओदागिरीच्या शेवटच्या ओळीचा.

ती माझ्याकडे बघत राहिली. मग फोन खाली ठेवला आणि माझ्यासमोर चटईवर बसली.

"अहो," ती म्हणाली, "भूक लागलीय तुम्हाला."

मी नाही म्हणणार होतो. पण ती उठून आत गेली होती. आता तांदूळ धुतल्याचा आवाज येतोय. तिने दोन मापं घेतली असावीत, कारण बराच वेळ धुते आहे. भात व्हायला वेळ लागेल. मी कविता बाजूला ठेवल्या आहेत. काही सुचत नाही. फक्त जेवायचं आहे.